झुकत्या काट्यावरच्या रेघा

मला जागचं हलवायचं तर चार गडी लागतात. बोलायला मात्र मी एकटा पुरतो; फक्त आजवर कुणी विचारलं नाही. मी वजनकाटा. खाली बिडाचा पाय, त्यावर जाड लाकडाची फळी आणि छातीच्या उंचीवर पितळेची एक लांब दांडी. फळीवर माल ठेवायचा, दांडीवरचं वजन बोटानं सरकवायचं, दांडी मधोमध तरंगायला लागली की आकडा वाचायचा. एवढंच माझं काम, आणि ते मी जन्मभर इमानानं केलं.

आज मी एका बंद वखारीच्या दारात उभा आहे. पायाला दोर बांधलाय. भंगारवाला माझ्याभोवती फिरून फिरून पितळ किती निघेल आणि बीड किती निघेल याचा अंदाज घेतोय. अख्खा जन्म दुसऱ्यांना तोलण्यात गेला, आता माझंच वजन करायची पाळी आली.

माझा जन्म काटेवाल्याच्या दुकानात झाला. ज्यांनी मला घडवायला सांगितलं त्यांना पुढे सगळे थोरले म्हणायला लागले. तेव्हा ते थोरलेबिरले कुणी नव्हते. भट्टीवर बसून एकेक खिळा ठोकणारा एक तरुण माणूस, आणि भाता ओढायला त्यांची बायको. ठोकलेले खिळे बाजारात न्यायचे तर व्यापारी आपल्या काट्यावर तोलायचा, आणि त्याचा काटा त्याच्याच घरचं मीठ खाल्लेला. थोरल्यांना तेच सलत होतं. पैसा जमताच त्यांनी यंत्र घेतलं नाही, दुकान घेतलं नाही, आधी मला घेतलं.

काटेवाल्यानं मला जुळवून दाखवलं. रिकाम्या फळीवर दांडी अगदी सरळ.

थोरले म्हणाले, "थोडा झुकवून द्या."

काटेवाला गालात हसला. "देतो की. सगळेच मागतात. तुमच्या बाजूला किती झुकवू?"

"माझ्या नाही. गिऱ्हाइकाच्या."

काटेवाल्यानं कानात करंगळी घालून हलवली. "परत बोला."

"गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकवा."

"अहो, इतकी वर्षं धंदा करतोय, असं मागणारे तुम्ही पहिलेच. मला जमायचं नाही बुवा. लोक म्हणतील, ह्याचा काटा बिघडलेला."

थोरल्यांनी मग खिशातून एक खिळा काढला. त्यांच्या हातून घडलेला पहिलावहिला खिळा, डोकं एका बाजूला वाकडं. तो त्यांनी तारेनं माझ्या दांडीच्या टोकाला बांधला. तुम्हाला वाटेल, एका खिळ्यानं काय होतंय? पण दांडीच्या टोकाला चिमूटभर लटकवलं की फळीवर मूठभर लागतं. त्या खिळ्यापायी फळीवर दोन मुठी माल जास्त पडेपर्यंत मी हलायचोच नाही. म्हणजे मी कायम दोन मुठी कमी दाखवायचो. पोतं असो की पुडा, दोनच मुठी. कमी नाही, जास्त नाही. एवढं ध्यानात ठेवा. पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे.

पुडा बांधून हातात देताना थोरले प्रत्येकाला म्हणायचे, "दिसतं त्याहून जास्तच आहे हो." गिऱ्हाईक घरी जाऊन तोलून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन यायचं. खिळ्यांची पेढी वाढली ती अशी. लोकांनी आमचं नावच टाकलं, झुकत्या काट्याची पेढी. रस्त्यात कुणी तसं म्हटलं की थोरल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग यंत्र आलं. एका बाजूनं तार गिळायचं आणि दुसऱ्या बाजूनं खिळे ओकायचं. दिवसभर असा दणदणाट की समोरासमोर उभी राहिलेली माणसंही हातवारे करून बोलायची. मागे कारखाना, पुढे वखार, वखारीच्या वर घर. माझ्या डोक्यावर लाकडी तक्तपोशी होती. तिच्यावरून कोण चाललंय ते मला पावलांवरून कळायचं. पुढे खिळ्यांच्या जोडीला बिजागऱ्या आल्या, कड्या-कोयंडे आले, बादल्या आणि पत्रे आले. दुसऱ्या गावांतले व्यापारी येऊन बाकावर बसायला लागले. थोरल्या बाईंचा भाता सुटला आणि हातात किल्ल्यांचा जुडगा आला.

ह्याच काळात एक रीत पडली. थोरल्यांचा पहिला मुलगा झाला तेव्हा त्यांनी त्याला दुपट्यात गुंडाळून खाली आणलं आणि खिळ्यांच्या पोत्यासारखं माझ्या फळीवर ठेवलं. बाई वरून ओरडल्या, "अहो, पोर आहे ते, माल नाही!" थोरल्यांनी दांडी जुळवली, आकडा वाचला आणि म्हणाले, "दिसतं त्याहून जास्तच आहे हो!" सगळा कारखाना हसला. तेव्हापासून घरातलं असो, कामगाराचं असो, प्रत्येक बाळ माझ्या फळीवर यायचं. माल तोलणारे एक काका होते, सगळे त्यांना तोलकाका म्हणायचे. ते आधी फळी फडक्यानं पुसायचे, पोतं अंथरायचे. थोरले आकडा वाचायचे, ठरलेलं वाक्य बोलायचे, आणि आईचा चेहरा फुलायचा. खिळ्यांचा भार झेलून माझी फळी खडबडीत झाली होती. पण एखादं बाळ त्यावर पाय झाडायचं ना, तेव्हा मला आपण लाकूड आहोत याचा आनंद व्हायचा.

ते वाक्य हळूहळू घरात सगळीकडे शिरलं. भाजी कमी पडेल का? दिसते त्याहून जास्त आहे. पोराला परीक्षेत गुण कमी पडले? दिसतात त्याहून जास्त अक्कल आहे त्याला. कारखान्याचं छप्पर गळतंय? दिसतं त्याहून मजबूत आहे. थोरल्यांचा मोठा मुलगा बोलण्यात पटाईत. त्यानं ते वाक्य पुड्यांवर छापून घेतलं, शेजारी माझ्या दांडीचं आणि वाकड्या खिळ्याचं चित्र. धाकटा मुलगा अबोल. तो अधूनमधून येऊन माझ्या सांध्यांना तेल द्यायचा आणि काही न बोलता जायचा. बापासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. कारखान्याच्या आवाजात लहानाचा मोठा झाला होता. बोललेलं कुणाला ऐकू जाणार नाही, हे तो धरूनच चालला होता.

ह्या धाकट्याची बायको म्हणजे आमची धाकटी सून. माझी गोष्ट खरी तिचीच.

ती स्वभावानं घाबरट. दाराला कडी लावली की चार पावलं जाऊन परत यायची आणि कडीला हात लावून बघायची. चूल विझवली तरी राखेवर पाणी मारायची. मोठी जाऊ म्हणायची, "हिला देवानं दोन काळजं दिलीत. एक धडधडायला, एक काळजी करायला." ती स्वतःही हसायची. हसता हसता पुन्हा कडी बघून यायची.

तिला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं तिला खाली आणलं. तोलकाकांनी फळी पुसली, थोरल्यांनी आकडा वाचला, वाक्य म्हटलं, सगळं झालं. सगळे पांगल्यावर धाकटीनं केसातली पिन काढली आणि दांडीवर, जिथं वजन थांबलं होतं तिथं, एक बारीक रेघ ओढली.

तोलकाका म्हणाले, "वहिनी, हे काय?"

"असू दे हो काका. पुढच्या वेळी कळेल, कुठवर आली ते."

पितळेवर पिन ओढली की कसं होतं ते तुम्हाला कसं सांगू? गुदगुल्या म्हणा. मला आवडलं. इतक्या बाळांना तोललं, पण माझ्यावर कुणी खूण ठेवली नव्हती.

पुढच्या खेपेला रेघ पुढं सरकली. त्याच्या पुढच्या खेपेला पण सरकली, पण जेमतेम नखाएवढी. धाकटीनं दोन्ही रेघांमधल्या जागेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही. नंतरच्या खेपेला रेघ पुढं गेलीच नाही. ती मागं आली.

ती सासूला म्हणाली, "आई, हिचं वजन कमी झालंय."

थोरल्या बाई फळीवरून बाळ उचलत म्हणाल्या, "अगं, आपला काटा कमीच दाखवतो. तुला कुणी सांगितलं नाही का?"

"तसं नाही. काटा कमी दाखवतो ते माहीत आहे मला. पण दर वेळी तेवढंच कमी दाखवतो ना? मग मागच्या खेपेपेक्षा कमी कसं?"

बाई थबकल्या. मला वाटलं, आता कळलं. पण तेवढ्यात बाकावरून मोठा दीर हसला. "काटा म्हातारा झालाय गं. वय झालं की माणूस जास्त झुकतो. आमचा काटा पण जास्तच उदार व्हायला लागलाय!"

सगळे हसले. तोलकाकाही हसले. मी दांडी एवढी गच्च धरली की टोकाचा खिळासुद्धा हलू दिला नाही. मी म्हातारा नव्हतो झालो हो. सकाळीच तारेची भेंडोळी तोलली होती, ती बरोबर दोन मुठींनी कमी दाखवली होती. पण काट्याला आकडा तेवढा दाखवता येतो. 'बघा' असं म्हणता येत नाही.

धाकटीला वजनाशिवायही बरंच दिसत होतं. दूध पिताना बाळाच्या कपाळावर घाम यायचा. बाहेर गारठा असला तरी यायचा. चार घोट घेतले की दमून डोळे मिटायची. मांडीच्या वळ्या गेल्या होत्या आणि लंगोट ढिले बसायला लागले होते. दुपारी वखारीत सामसूम झाली की धाकटी बाळाला घेऊन माझ्या फळीच्या कडेवर येऊन बसायची. बोट बाळाच्या नाकाखाली धरायची. श्वास लागला की बोट काढायची, पुन्हा धरायची. मग पुटपुटायची, "पी गं राणी. थोडं पी. माझंच काही कमी पडतंय का?" वर घरात ती कुणाला असं विचारत नव्हती, कारण उत्तर पाठ होतं तिला.

गल्लीतले डॉक्टर पेढीवर चहा प्यायला यायचे. तिनं त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वजन किती भरतंय?" तिनं आकडा सांगितला. "कुठल्या काट्यावर? ह्या तुमच्या? मग दोन मुठी वर धरा की!" आणि थोरल्यांकडे बघून डोळे मिचकावले. "झुकत्या काट्याच्या घरात येऊन वजनाची काळजी करतेय पोर."

"पण डॉक्टर, घाम येतो तिला पिताना."

"दूध पिणं म्हणजे बाळाचं अंगमेहनतीचं कामच की. कारखानदाराची नात आहे, घाम गाळणारच."

पुन्हा हशा. त्या घरात हसायला कधी तोटा नव्हता. वाईट एकही माणूस नव्हतं त्यात, हेच तर मला छळतं.

मोठा दवाखाना दूरच्या शहरात होता. तिकडे जायला पेढीची गाडी, आणि गाडी थोरल्यांच्या शब्दाशिवाय जागची हलायची नाही. धाकटीनं नवऱ्याला सांगितलं. ती दोघं माझ्याजवळच उभी होती, त्याच्या हातात तेलाची बुधली.

"अहो, बाबांकडे गाडी मागा ना."

"काय सांगू त्यांना?"

"हेच सांगा. पोर वाळत चाललीय."

"ते काट्याकडे बोट दाखवतील."

"मग मी दाखवते त्यांना काट्यावरच," ती म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी, ती बाळाला घेऊन जिना उतरली. बाकावर बाहेरगावचे व्यापारी बसले होते. थोरले नेहमीच्या जागी, मोठा दीर त्यांच्या शेजारी. धाकटीनं बाळाला फळीवर ठेवलं. मग हात वर केला आणि दांडीच्या टोकाची तार उलगडायला लागली.

तोलकाका पुटपुटले, "वहिनी, नको."

तार सुटली. खिळा फळीवर पडला आणि टप्पकन आवाज होऊन जमिनीवर घरंगळला. खिळा बांधल्यापासून पहिल्यांदाच माझी दांडी मोकळी झाली. तिनं वजन सरकवलं. मी थरथरलो आणि थांबलो. अगदी खऱ्या आकड्यावर थांबलो.

खिळा काढल्यावर आकडा वर जायला हवा होता. दोन मुठी वर. गेला सुद्धा. पण कुठवर? जिथं ती पोर पहिल्या खेपेला खिळ्यासकट भरली होती, तिथवरसुद्धा पोचला नाही. पहिली रेघ त्याच्या पुढं उभी होती. आंधळ्यालाही बोटानं चाचपून कळलं असतं.

"बघा बाबा," ती म्हणाली. "आता झुकता नाही. आता बघा."

कुणी बघितलं नाही. सगळ्यांची नजर जमिनीवर होती, खिळा कुठं गेला ते शोधत.

मोठा दीर ताडकन उठला. "हे काय! पेढीचा खिळा काढलास? बाहेरची माणसं बसलीत, काय वाटेल त्यांना?"

एक व्यापारी दुसऱ्याच्या कानाशी लागला. थोरल्या बाई जिन्यावरून ओरडल्या, "अगं, काय केलंस हे!" तोलकाका गुडघ्यांवर बसून बाकाखाली हात घालत होते. थोरल्यांचा चेहरा असा उतरला होता, जणू कुणी भर बाजारात त्यांना मापात पाप करणारा म्हटलं होतं. तोलकाकांनी खिळा शोधून त्यांच्या हातात दिला. ते उठले, माझ्याजवळ आले. त्यांची म्हातारी बोटं खिळा पुन्हा बांधायला लागली. तार निसटत होती. फळीवर त्यांची नात पडलेली होती, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, आणि आकडा त्यांच्या नाकासमोर होता. त्यांनी खिळ्याची गाठ तेवढी बघितली.

गाठ बसली आणि मी पुन्हा खोटा झालो.

धाकटीनं बाळ उचललं. "आकडा तरी बघायचा होता," एवढंच म्हणाली, आणि जिना चढून गेली.

धाकट्यानं त्या दिवशी गाडी मागितली नाही. बायकोला म्हणाला, "थोडे दिवस जाऊ दे. बाबांचा राग निवू दे, मग मागतो." वास्तविक थोरल्यांना राग आलाच नव्हता. त्यांना लाज वाटली होती, आणि कुठल्या गोष्टीची हे त्यांनाच कळत नव्हतं. पण गप्प झालेल्या बापाला अबोल मुलगा कसं विचारणार?

त्या दिवसांत मी फक्त ऐकत होतो. तक्तपोशीवरून धाकटीची पावलं भिंतीपासून खिडकीपर्यंत जायची, खिडकीपासून भिंतीपर्यंत यायची. बाळाचं रडणं ऐकू यायचं. आधी ते यंत्राच्या दणदणाटावरही वरचढ असायचं. मग यंत्र थांबलं तरच ऐकू यायला लागलं. मग यंत्र थांबलं तरी नाही. आवाज तोलायला मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी मला कळत होतं.

एका सकाळी जिन्यावरून धावाधाव झाली. गाडी काढा, गाडी काढा, म्हणून थोरले स्वतः अनवाणी रस्त्यावर पळाले. आता कुणाच्या शब्दाची गरज नव्हती. गाडी गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा त्यातून आधी धाकटा उतरला, मग ती. तिच्या हातात दुपटं होतं, घडी घातलेलं.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, हृदयात जन्मापासूनच दोष होता, वजन उतरायला लागलं तेव्हाच आणायचं होतं, काही करता आलं असतं. हे तोलकाकांनी एका कामगाराला माझ्याजवळ उभं राहून सांगितलं. सांगताना ते फळी पुसत होते. कोरड्या फळीवरून त्यांचं फडकं नुसतंच फिरत होतं.

काही दिवसांनी जेवणाच्या सुटीत थोरले एकटे खाली आले. यंत्र बंद होतं. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या दांडीशी वाकले.

"ह्या रेघा कुणाच्या?"

कोपऱ्यात भाकरी सोडून बसलेले तोलकाका उठले. "धाकट्या वहिनींच्या."

थोरल्यांनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. पुढच्या रेघेवर नेलं, मग त्याच्या पुढच्या. मग बोट थांबलं. "आणि ही मागं का?"

तोलकाकांनी फडकं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"ही त्याच्याही मागं." बोट दांडीवरून परत परत मागं येत होतं. "म्हणजे हा सांगत होता रे. सारखा सांगत होता. मी माझाच मोठेपणा तोलत बसलो."

मग ते हळूच माझ्या फळीवर बसले. एवढा मोठा माणूस, भरल्या अंगाचा. दांडी वर जाऊन खटकन आपटली आणि तिथंच राहिली. त्यांना तोलायला पुरेल एवढं वजन त्या दिवशी कुणी लावलं नाही.

उठल्यावर त्यांनी खिळ्याला हात घातला. काढणारच होते. पण मोठा मुलगा आला. "बाबा, हे काय? अहो, पुड्यांवर छापलाय तो. बाजारात नाव आहे त्याच्यावर. लोक म्हणतील, झुकत्या काट्याची पेढी सरळ झाली. आणि काढून आता काय होणार आहे?" थोरल्यांचा हात खाली आला. दुसऱ्या दिवशी मोठ्यानं कारागीर बोलावला आणि खिळा कथलानं झाळून पक्का करून टाकला, परत कुणी काढू नये म्हणून.

थोरले त्यानंतरही पेढीवर यायचे. पण ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. पुडा द्यायचे आणि नमस्कार करायचे. कुणी बाळ घेऊन आलं तर उठून आत जायचे. मग बाळं येणंही थांबलं.

थोरले गेल्यावर धाकटा बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला. जाताना त्यानं माझ्या सांध्यांना तेल दिलं, भरपूर दिलं, खाली थेंब ओघळेपर्यंत. धाकटी दारात उभी होती. आत आली नाही. पुढं त्यांना मूल झालं की नाही, मला माहीत नाही. माझ्याकडे कुणी आणलं नाही.

पेढीचं पुढं काय झालं, ते ह्या बंद दारावरून दिसतंच आहे. बाहेरून चकचकीत पाकिटातले, मोजून भरलेले खिळे यायला लागले. फाटकाशी विजेवर चालणारा काटा बसला, आणि मला कोपऱ्यात ढकललं. गिऱ्हाईक रोडावलं. जुन्या कारागिरांनी मोठ्याला सांगितलं, माल उठत नाही, यंत्र थकलंय, काहीतरी करा. मोठा हसून म्हणायचा, "अरे, आपलं दिसतं त्याहून जास्तच असतं." कमी दिसलं की वर दोन मुठी धरायची त्या घराला सवयच लागली होती. त्यानं वाईट केलं नाही कुणाचं. बापाचं वाक्य घट्ट धरून बसला, तेवढंच. एक दिवस यंत्र थांबलं. मला वाटलं, जेवणाची सुटी असेल.

आज लिलाव झाला. बाक गेला, बादल्या गेल्या, यंत्रसुद्धा गेलं. मी भंगारवाल्याच्या वाट्याला आलो. तो माझ्या पायाला दोर बांधत होता, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. केस पांढरे, हातात कापडी पिशवी. तिनं मागं वळून दाराच्या कडीला हात लावून बघितला, आणि मी ओळखलं.

"जरा थांबता का?"

"बाई, लिलाव संपला. हा आता माझा."

"न्यायचा नाही मला. ह्याच्या टोकाचा खिळा तेवढा काढून द्या."

भंगारवाला हसला. "खिळ्यांच्या कारखान्यात येऊन एकच खिळा? कमालच आहे तुमची!" पण माणूस बरा होता. पक्कड आणली, झाळ तोडली. खिळा सुटला. जन्मात दुसऱ्यांदा माझी दांडी मोकळी झाली. पहिल्यांदा मोकळी केली ती पण हिनंच.

त्यानं खिळा पुढं केला. "घ्या. आठवण म्हणून का?"

"मला नको. तो माझ्या सासऱ्यांचा आहे."

तिनं दांडीवरची धूळ पदरानं पुसली. रेघा अजून होत्या. तिचं बोट एकेक करत पुढं गेलं, आणि मग मागं येत राहिलं.

मी उद्या भट्टीत जाईन. पितळ वितळेल, रेघाही त्याच्याबरोबर जातील. माझं म्हणणं मोठं नाही. ज्या घराला आपल्या चांगुलपणाचा अभिमान आहे, त्या घराला हात जोडून सांगतो. तुमच्यातली एखादी बाई, कितीही घाबरट असली, दहा वेळा कडी बघणारी असली, तरी ती जेव्हा म्हणेल की पोर उतरत चाललंय, तेव्हा हसू नका. उठा, जवळ जा आणि आकडा बघा. खिळा नंतर शोधता येतो.

आणि हो, जाण्याआधी तिनं काय केलं ते सांगायचं राहिलं. पिशवीतून तिनं एक दुपटं काढलं. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं, चौकोनी घडी घातलेलं. तिनं ते माझ्या फळीवर ठेवलं, अगदी मधोमध, जशी पोर ठेवायची तसं. मग दांडीवरचं वजन पार शेवटपर्यंत मागं नेलं आणि वाट बघत उभी राहिली.

मी खिळ्यांच्या पोत्यांसाठी घडलेलो. एवढ्याशा कापडाचं वजन माझ्यात उमटत नाही. माझी दांडी तसूभरही हलली नाही. आता तर झुकायला खिळाही नव्हता. मी अगदी खरा होतो, आणि तरी काहीच दाखवत नव्हतो.

तिनं आकड्याकडे बघितलं. मग दुपटं उचललं, छातीशी धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "दिसतं त्याहून जास्त आहे हो."